क्लोईनं आभार का मानावेत?

क्लोई प्राइसवरचं आरोपपत्र गेल्या दहा वर्षांत फारसं बदललेलं नाही. ती स्वार्थी आहे, मैत्रिणीला वापरून घेते, स्वतःच्या प्रत्येक चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडते, अपंगांसाठी जमवलेल्या निधीवर हात मारायला तिला काही वाटत नाही, आणि जिनं पुन्हा पुन्हा जीव वाचवला तिच्यावरच रुसून बसते. ‘टॉक्सिक’ हा शिक्का तर ठरलेलाच. त्यातून निघणारा निष्कर्षही ठरलेला: असल्या मुलीसाठी अख्खं गाव कोण बुडवणार? गेली तर बरंच झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

ज्यांनी ‘लाइफ इज स्ट्रेंज’ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या डोंटनॉड कंपनीनं हा खेळ बनवला आणि स्क्वेअर एनिक्सनं तो २०१५ च्या जानेवारी ते ऑक्टोबर या काळात पाच भागांत आणला. ऑरेगन राज्यातलं आर्केडिया बे नावाचं काल्पनिक किनारी गाव, तिथली ब्लॅकवेल अकॅडमी ही शाळा आणि ऑक्टोबर २०१३ मधले पाच दिवस, एवढाच पसारा. फोटोग्राफी शिकायला आलेली अठरा वर्षांची मॅक्स कॉलफील्ड शाळेच्या स्वच्छतागृहात एका मुलीला गोळी लागताना पाहते आणि त्याच क्षणी तिला कळतं की आपल्याला वेळ मागे फिरवता येतो. ती मुलगी म्हणजे तिची बालपणीची मैत्रीण क्लोई. पाच दिवस मॅक्स तिला मरणाच्या दारातून ओढून आणत राहते. शेवटी गावावर प्रचंड वादळ चालून येतं आणि दोघी कड्यावर उभ्या असताना खेळ विचारतो, क्लोई की गाव? इतर खेळणाऱ्यांनी काय निवडलं याची टक्केवारी खेळ स्वतःच दाखवतो आणि या प्रश्नावर कौल जवळपास निम्मानिम्मा पडला. त्यामुळे हे भांडण पहिल्या दिवसापासून आकडेवारीसकट चालू आहे.

काल्पनिक पात्रांवरून भांडणं हा पोरकटपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पात्रांवरून भांडणं हे वाचकाचं आणि प्रेक्षकाचं जुनं काम आहे आणि ते मन लावूनच करावं. माझा वाद आहे तो भांडणाच्या निकषाशी. सुधाकर चांगला नवरा नाही म्हणून ‘एकच प्याला’ फसलेलं नाटक ठरत नाही, हे समजायला आपल्याला वेळ लागत नाही. मग क्लोईच्या बाबतीत ‘ती मला आवडत नाही’ यावरून ‘ती वाईट लिहिली आहे’ आणि तिथून ‘तिनं मरावं’ इथवर आपण इतक्या भराभर कसे पोचतो? मला वाटतं, याचं उत्तर क्लोईच्या स्वभावात नाही, खेळणाऱ्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. इंटरॅक्टिव्ह कथेत आपण पात्रांसाठी कष्ट उपसतो. त्या कष्टांची पावती जे पात्र देतं ते चांगलं, जे देत नाही ते कृतघ्न, अशी ही सरळ वसुली आहे. चाहत्यांच्या बहुतेक आवडीनिवडी या एका कसोटीवर लावून पाहा, लख्ख उलगडतात.

आधी आरोपांकडे पाहू, कारण ते सगळेच खोटे नाहीत. दुसऱ्या भागात ‘टू व्हेल्स’ या खानावळीत मॅक्सला तिची वर्गमैत्रीण केट मार्श हिचा फोन येतो. तो घेतला तर क्लोई फुगते. हे वागणं कोत्या मनाचं आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तिसऱ्या भागात मुख्याध्यापकांच्या खोलीत अपंगांच्या निधीचं पाकीट सापडतं आणि अमली पदार्थ विकणाऱ्या फ्रँक बॉवर्सचं देणं फेडायला क्लोई ते उचलू पाहते. तेही वाईट. पण पैसे घेऊ द्यायचे की नाहीत हा निर्णय खेळ कुणाच्या हातात देतो? तुमच्या. ज्यांनी ‘घेऊ दे’ निवडलं त्यांच्या नावावर ही चोरी मांडलेली मी कधी पाहिली नाही. चौथ्या भागात फ्रँकशी बोलणी होतात. ती नीट जमली तर फ्रँक हवी ती माहिती देतो आणि सगळे जिवंत परततात, फसली तर क्लोईच्या हातून गोळी सुटते. क्लोई तीच, पिस्तूल तेच, दुपार तीच. बदलतात ती फक्त खेळणाऱ्यानं निवडलेली वाक्यं. तरीही निकालपत्रात खून क्लोईचा आणि समझोता माझा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे याहून स्वच्छ दिसणार नाही.

भंगाराच्या आवारातला प्रसंगही घ्या. नेमबाजीच्या सरावासाठी क्लोई मॅक्सला पाच रिकाम्या बाटल्या शोधून आणायला सांगते. हे बाटल्या शोधणं इतकं कंटाळवाणं आहे की या खेळाच्या चाहत्यांमध्ये तो कायमचा विनोद होऊन बसला आहे, आणि क्लोईवरच्या रागात या पाच बाटल्यांचाही थोडा वाटा असावा अशी मला दाट शंका आहे. बाटल्या आणल्यावर नेम कुठे धरायचा हे मॅक्सनं सुचवायचं. एक पर्याय चुकीचा निवडला की गोळी उलटून क्लोईलाच लागते, ती कोसळते आणि खेळणारा वेळ मागे फिरवतो. यावरही ‘किती बेफिकीर आहे ही’ असा शेरा मिळतो. बेफिकीर ती आहेच, पण इथे नेम तिला तुम्हीच सुचवला होता. आणि जी दुपार तुम्ही पुसून टाकली, ती तिच्या आयुष्यात घडलेलीच नाही.

या खेळाची सगळी मेख इथेच आहे. मॅक्सला प्रत्येक प्रसंग तीनदा-चारदा जगायला मिळतो. अपमान झाला की मागे, चुकीचं बोलली की मागे. क्लोईला आयुष्य एकदाच मिळतं, इतर सगळ्यांसारखं. तिच्या तोंडून निघालेला शब्द निघाला की निघाला. एका बाजूला खाडाखोड करून सुवाच्य उतरवलेली वही आणि दुसऱ्या बाजूला घाईत भरलेला कच्चा कागद ठेवायचा, आणि म्हणायचं की मॅक्स किती समंजस! समंजसपणा तुमच्या हातातल्या बटणाचा आहे. क्लोईला ते बटण द्या आणि मग तुलना करा.

त्यात साक्षीदारही एकच. सगळी गोष्ट मॅक्सच्या डोळ्यांनी दिसते, तिची डायरी आपण वाचतो, तिचा संकोच आपल्याला आतून ठाऊक असतो. २००८ मध्ये क्लोईचे वडील विल्यम मोटार अपघातात गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्याच सुमारास मॅक्सचं कुटुंब सिअ‍ॅटलला गेलं आणि मॅक्सचा संपर्क तुटला तो पाच वर्षं. बरं, ती आर्केडिया बेला परतल्यावर तरी? ब्लॅकवेलमध्ये जवळपास महिनाभर राहूनही ती क्लोईकडे फिरकत नाही. शेवटी गाठ पडते ती योगायोगानं. या वागण्याला चाहते लाजाळूपणा म्हणतात. क्लोईनं त्याबद्दल चार टोमणे मारले की तो छळ ठरतो. २०१७ मध्ये डेक नाइननं ‘बिफोर द स्टॉर्म’ हा पूर्वकथेचा खेळ आणला, तीन भागांचा. त्यात सोळा वर्षांची क्लोई आपल्या वहीत मॅक्सलाच उद्देशून पत्रं लिहिते, जी कधी टाकली जात नाहीत. ती वही वाचून क्लोई आता कळली असं म्हणणारे कितीतरी भेटतात. छान झालं. पण मॅक्सची बाजू पहिल्या मिनिटापासून फुकट ऐकून घेणाऱ्यांना क्लोईची बाजू ऐकायला आणखी तीन भाग लागावेत?

क्लोई काहीच देत नाही, फक्त घेते, हा आरोप तर पहिल्याच भागात खोटा ठरतो. मॅक्सचा कॅमेरा मोडलेला असतो. क्लोई तिला आपल्या मेलेल्या वडिलांचा कॅमेरा देते. बापाची जी काही चीजवस्तू तिच्याकडे उरली आहे त्यातली ही, आणि पाच वर्षं तोंड न दाखवलेल्या मैत्रिणीच्या हातात ती ठेवते. त्याच भागात तिचा सावत्र बाप डेव्हिड खोलीत येतो, त्याला गांजाचा वास लागतो. मॅक्स लपून राहिली आणि मध्ये पडलीच नाही, तर तो क्लोईच्या थोबाडीत मारतो. हे पाहूनही ‘घरच्यांशी इतकी उद्धट का वागते’ असं विचारणारे पाहिले की मी गप्प बसतो. ब्लॅकमेलचंही तसंच. स्वच्छतागृहात ती, तिच्यावर गोळी झाडणाऱ्या नेथन प्रेस्कॉटकडे पैसे मागते, खरं आहे. त्याच्या आधी नेथननं तिच्या पेयात गुंगीचं औषध घालून तिला आपल्या खोलीवर नेलं होतं, हे ती स्वतः मॅक्सला सांगते. आरोपपत्रात पहिला अर्धा भाग येतो, दुसरा गळतो.

आता केट. चाहत्यांचं केटवर जितकं एकमुखी प्रेम आहे तितकं या खेळात दुसऱ्या कुणावर नाही, आणि ते प्रेम खरं आहे. शाळेतल्या व्होर्टेक्स क्लबच्या पार्टीत तिला गुंगी दिली जाते, तिचा व्हिडिओ शाळाभर फिरतो, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी ती वसतिगृहाच्या गच्चीवर जीव द्यायला उभी असते. तिथे पोचेपर्यंत मॅक्सची शक्ती संपलेली असते. या एका संभाषणात मागे फिरता येत नाही. तिचा फोन घेतला होता का, शाळेचा सुरक्षारक्षक असलेला डेव्हिड तिला दटावत असताना मध्ये पडलात का, तिच्या खोलीत घरच्यांविषयी, तिच्या श्रद्धेविषयी काय पाहिलं ते लक्षात आहे का, यावर तिचा जीव टांगलेला असतो. इंटरॅक्टिव्ह कथेत याच्या तोडीचा प्रसंग मला फारसा आठवत नाही. २०१६ मध्ये या खेळाला कथेसाठी बाफ्टा मिळालं त्यात या गच्चीचा वाटा मोठा असणार, असं माझं आपलं मत. केट वाचली तर चौथ्या भागात इस्पितळात भेटते. खोलीत फुलं, शुभेच्छापत्रं, आणि तुमच्याविषयी मनापासूनची कृतज्ञता. खेळणाऱ्याच्या कष्टांची पोच तिथे मिळते.

केटनं कृतज्ञ असण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते या पावतीचा नमुना करून इतरांकडून तशाच पावत्या मागणं. ज्या मुलीला आपण एकदा वाचवलं ती हसून आभार मानते. जिला आपण पाचसहा वेळा वाचवलं ती सिगारेट पेटवून ‘चल, अजून काम बाकी आहे’ अशा थाटात पुढे निघते. हा फरक बटणं दाबणाऱ्याला झोंबतो.

मॅक्सचा वर्गमित्र वॉरन ग्रॅहम याच्यावरून पडलेले तट पाहिले की ही वसुली आणखी स्पष्ट होते. वॉरन मॅक्सला सिनेमे भरलेला पेन ड्राइव्ह देतो, पार्किंगमध्ये नेथनचा मार तिच्यासाठी खातो, ड्राइव्ह-इनला सिनेमा पाहायला बोलावतो. एका गटाचं म्हणणं, इतकं केलं बिचाऱ्यानं, मॅक्सनं त्याला जवळ करायलाच हवं होतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, हा चिकट मुलगा मदतीच्या बदल्यात प्रेम मागतो, याच्यापासून लांब राहा. यातला दुसरा गट मला जास्त मजेशीर वाटतो. त्यातल्या अनेकांना वॉरनचा दोष अचूक दिसतो आणि दुसऱ्या क्षणी हेच लोक क्लोईला म्हणतात, इतकं केलं तुझ्यासाठी, तुला काही आहे का त्याचं? मग वॉरनचं काय चुकलं होतं बरं? तो बिचारा निदान हे तोंडावर बोलून तरी दाखवत नाही.

क्लोईचे वकील यावर म्हणतात की हा सगळा स्त्रीद्वेष आहे. काही अंशी आहेही. शेवटच्या भागात नेथनचा रडत माफी मागणारा निरोप मॅक्सच्या फोनवर येतो आणि त्या एका निरोपावर त्याला माफ करून टाकणारे बरेच निघतात, क्लोईला मात्र पाच भागांतही जामीन मिळत नाही. पण एवढ्या एका स्पष्टीकरणानं माझं समाधान होत नाही. केटही मुलगीच आहे आणि मॅक्सही. खटकते ती निळ्या केसांची, शाळेतून काढून टाकलेली, दुःखाचं रूपांतर गोड बोलण्यात न करणारी मुलगी. शोक कसा करावा याविषयी प्रेक्षकाच्या डोक्यात एक सभ्य नमुना असतो आणि क्लोई त्यात बसत नाही. तिच्या तोंडची, जिथे तिथे ‘हेला’ (म्हणजे ‘लई’) पेरणारी बोली मलाही अनेकदा कृत्रिम वाटली, तो दोष लेखनाचा आहे आणि तो जरूर दाखवावा. पण तो दोष पात्राच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

सभ्य, गोड बोलणारी माणसं भरवशाची असतात असं समजणाऱ्यांना हा खेळ मार्क जेफरसन दाखवतो. विद्यार्थ्यांना उत्तेजन देणारा, मृदू, सुसंस्कृत फोटोग्राफीचा शिक्षक. मुलींना गुंगी देऊन तळघरात त्यांचे फोटो काढणारा गुन्हेगारही तोच. आपल्याशी कोण किती अदबीनं बोलतं यावरून माणूस तोलण्याची सवय या शाळेत मुलींना कुठे नेते, हे दाखवायला लेखकांनी आणखी काय करायला हवं होतं?

आणि त्यांनी आणखी केलंच. तिसऱ्या भागाच्या शेवटी मॅक्स एका जुन्या फोटोतून २००८ मध्ये शिरते आणि विल्यमला मरणापासून वाचवते. परत येते तेव्हा क्लोईचे वडील जिवंत असतात आणि क्लोई मोटार अपघातानंतर मानेखाली लुळी होऊन चाकाच्या खुर्चीत. ही क्लोई लाघवी आहे. ती शिव्या देत नाही, टोमणे मारत नाही, मॅक्स भेटायला आली याचं तिला मनापासून अप्रूप आहे. चौथ्या भागात दोघी मिळून ‘ब्लेड रनर’ पाहतात. ही क्लोई किती छान, खरी क्लोई अशीच असायला हवी होती, हे उद्गार मी इतक्यांदा वाचले-ऐकले आहेत की ते उच्चारणाऱ्यांना आपण काय म्हणतोय ते कळतं का, असा प्रश्न पडतो. तुम्हाला हवी होती ती क्लोई खेळानं दिली. आभार मानणारी, कुणावर ओझं होऊ नये म्हणून धडपडणारी, आईबापांच्या डोक्यावरच्या इस्पितळाच्या बिलांनी खंतावलेली. ती मॅक्सकडे एकच मागणं मागते, माझं हे जगणं संपवायला मदत कर. त्यानंतर मॅक्स पुन्हा त्या फोटोत शिरते आणि विल्यमला मरू देते. पूर्वीची तिखट, रागीट क्लोई परत मिळते, आणि तिच्या वाट्याला पूर्वीचा शोकही परत येतो, तोही मॅक्सच्या हातून. यानंतरही जो क्लोईला कृतघ्न म्हणतो त्यानं चौथा भाग झोपेत खेळला असावा.

राहिला शेवट. एका मुलीपेक्षा गावातले शेकडो जीव मोलाचे, हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः गावच वाचवलं. क्लोईची बाजू मांडायला तिला वाचवलेलं असावंच लागतं असं नाही. माझा आक्षेप आहे तो या गणितात हळूच सरकवलेल्या स्वभावाच्या गुणांना. गणित बरोबर असेल तर कड्यावर कुणीही उभं असलं तरी ते बरोबरच राहील. तिथे केट उभी आहे अशी कल्पना करा. तुम्ही कदाचित तरीही गावच निवडाल, पण रडत निवडाल, आणि ‘बरंच झालं’ असं जन्मात म्हणणार नाही. तेव्हा ‘बरंच झालं’ हे शब्द गणितातून आलेले नाहीत. ते थकलेल्या उधारीतून आलेले आहेत. शिवाय हे गणित कड्यावर प्रथम मांडतं कोण? क्लोई. ज्यातून मागे जाऊन तिला त्या स्वच्छतागृहात मरू देता येईल तो निळ्या फुलपाखराचा फोटो तीच मॅक्सच्या हातात ठेवते, आई जॉयस आणि गावातली बाकीची माणसं माझ्यापेक्षा जगण्याला जास्त लायक आहेत असं तीच म्हणते. सगळ्या खेळातला सर्वांत निःस्वार्थ प्रस्ताव ‘स्वार्थी’ पात्राच्या तोंडी आहे आणि तो स्वीकारून लोक पुन्हा तिलाच स्वार्थी म्हणतात.

एवढ्यावरून क्लोईभक्तांनी खूश व्हायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेक नाइननं ‘डबल एक्स्पोजर’ आणला. मॅक्स आता मोठी झालेली, व्हरमाँटच्या कॅलेडन विद्यापीठात. खेळाच्या सुरुवातीला तुमचा जुना निर्णय विचारला जातो, आणि क्लोईला वाचवलं असेल तर कळतं की दोघी वेगळ्या झाल्या आहेत. क्लोई रंगमंचावर येतच नाही. यावर जो गदारोळ उठला त्यातला काही राग रास्त होता. इतक्या मोठ्या नात्याचा शेवट पत्रात आणि संदेशांत उरकणं ही आळशी लिखाणाची खूण आहे, आणि दोन्ही शेवटांना सारखाच मान देण्याचं आश्वासन असं पाळायचं नसतं. पण घटना म्हणून पाहिलं तर त्यात अशक्य काय होतं? बुडालेल्या गावाची आठवण दोघींच्या मध्ये घेऊन जगणाऱ्या दोन तरुण मुली दुरावल्या तर त्यात नवल ते काय? तरी रागाची भाषा ऐका: आम्ही तिच्यासाठी गाव दिलं आणि आम्हाला हे मिळालं? पुन्हा तीच वही, तीच उधारी, फक्त वसुलीचा पत्ता बदललेला. हा सौदा खेळणाऱ्यानं स्वतःशीच केला होता. क्लोईनं गाव मागितलं नव्हतं. तिनं नेमकं उलट मागितलं होतं, आणि तुम्ही तिचं ऐकलं नाहीत.